अमानतीचं घड्याळ

(मुरूडच्या बाजारातलं महिपतचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. दुपार उतरत आलेली. टेबलावरच्या पांढऱ्या कागदावर एक उघडलेलं मनगटी घड्याळ. भोवती महिपत, त्याचा शाळासोबती रफिक आणि रफिकची नात माहीन.)

महिपत : हात मागं घे रफिक. श्वाससुद्धा तिकडं सोड. केसाएवढा स्क्रू हाय, उडाला तर आपण दोघं जलमभर शोधत बसू.

रफिक : घेतला मागे. पण काही तरी बोल ना. अर्धा तास झाला, नुसती मान हलवतोयस. चालू होईल की नाही?

महिपत : बघू दे की जरा. घाई कसली?

माहीन : घाई आहे काका. उद्या सकाळी अकरा वाजता तो घरी येतोय. काशीदला उतरलाय, तिथून राजपुरीला किती वेळ लागणार? नानांनी तीन रात्री झोप काढलेली नाही.

महिपत : कोण येतोय? मला कायच ठावं न्हाय. हा सकाळी आला, रुमालातनं हे काढलं न् म्हणाला, आज उघड. दहा-बारा वर्षांमागं हाच मला म्हणाला होता, बघ पण उघडू नको.

रफिक : शेखसाबचा नातू येतोय. सालिम. मस्कतचे माझे शेखसाब, ज्यांच्या लाँचवर मी खलाशी होतो, तुला सांगितलंय ना मी.

महिपत : तू सांगितलंस, हजारदा सांगितलंस. त्यांची लाँच, त्यांची खजुराची बाग. घड्याळ त्यांनी तुला बक्षीस दिलं असंच मी धरून चाललो होतो.

रफिक : बक्षीस नाही. अमानत आहे. शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात मी पायाशी बसलो होतो. त्यांनी मनगटावरून काढलं, माझ्या हातात दिलं. म्हणाले, माझी पोरं भांडतायत, हे विकून मोकळी होतील. नातू चार वर्षांचा आहे. तो मोठा होऊन मागायला आला की त्याला दे, तोवर तू राख. कागद नाही, साक्षीदार नाही. मी आणि ते, दोघंच.

माहीन : आणि आता एकोणीस वर्षांनी त्या नातवाला आजोबांच्या वहीत नानांचं नाव सापडलं. गावाचं नावही होतं. राजपुरी टाकून त्याने मला इन्स्टावर शोधलं, सिरियसली. आधी मला फ्रॉडच वाटला.

रफिक : तो आला नसता तरी मी राखलंच असतं. पण आला. आणि हे बंद पडलंय. कसं तोंड दाखवू त्याला? चालतं घड्याळ घेतलं होतं, चालतंच दिलं पाहिजे. नाही तर ती खयानत झाली, विश्वासघात झाला.

महिपत : कधी बंद पडलं?

रफिक : अकरा दिवस झाले.

महिपत : पडलं बिडलं का हातातनं? पाण्यात?

रफिक : तोबा! पाण्यात? नमाजाआधी वजूला हात-तोंड धुतो, तेव्हासुद्धा मी ते आधी काढून खिशात ठेवतो. आपोआप बंद पडलं.

महिपत : बरं. ये इकडं. हे भिंग डोळ्याला लाव.

रफिक : मला काय कळतंय त्यातलं? तू बघ.

महिपत : लाव म्हणतो ना. ज्याची एवढी राखण केलीस ते आतनं कसं हाय ते तरी बघ. हातानं धरू नको, भुवईत दाबून धर. हां. आता वाक खाली. आणखी.

रफिक : धुरकट दिसतंय.

महिपत : आणखी खाली. नाक टेकेल असं वाटलं पाहिजे.

रफिक : या अल्ला.

महिपत : दिसलं न्हवं?

रफिक : हे... हे गोल गोल ठिपके. एकावर एक चढवलेले. हे कोणी काढले?

महिपत : बनवणाऱ्यानं. रांगोळीला आपण ठिपके देतो तसे, एकेक करून. आता ऐक. ही पट्टी डायलच्या खाली बसते. डायल काढल्याबिगर ही कुणाला दिसत न्हाय. तुझ्या शेखनं कधी बघितली न्हाय, तू न्हाय, दुकानात विकणाऱ्यानं न्हाय. तरी केलंय बघ.

माहीन : मग करायचं कशाला? दिसणारच नाही तर?

महिपत : हेच मी हर्षदशेठना विचारलं होतं. फोर्टात त्यांच्या हाताखाली सात वर्षं काढली मी. तिथं असलंच एक मशीन आलं होतं. मला हात लावू दिला न्हाय, लांबनं दाखवलं. मी म्हणालो, शेठ, आतली बाजू एवढी का घासली? तर मला टपली मारली न् त्यांच्या गुजरातीत म्हणाले, अरे गांडा, म्हंजे वेड्या, पुढचा कारागीर उघडेल तेव्हा बघेल ने! बाय, त्याला चव्वेचाळीस वर्षं झाली. आज माझ्या टेबलावर आलं. तो पुढचा कारागीर म्हणजे मी निघालो.

माहीन : वॉव. म्हणजे ते तुमच्यासाठी ठेवलं होतं.

महिपत : माझ्यासाठी न्हाय ग, जो कोण उघडेल त्याच्यासाठी. पण खोटं कशाला बोलू, सकाळी डायल उचलली तवा डोळ्यांत पाणी आलं माझ्या. दिवसभर सेल बदलायचे न् प्लॅस्टिकचे पट्टे लावायचे, हे माझं काम. लोक मोबाइलात टाइम बघतात. मला वाटलं, बरं झालं, मरायच्या आधी एकदा तरी खरं घड्याळ हाताखाली आलं. रफिक, सरकू नको, अजून बघ. ते निळे स्क्रू दिसतात?

रफिक : दिसतात. रंग चांगला टिकलाय.

महिपत : रंग न्हाय तो. लोखंडच तापवत नेलं की आधी पिवळं होतं, मग जांभळं, मग असं निळं. त्या घटकेला उचलायचं. अर्धा सेकंद उशीर झाला की राखी पडतं न् टाकून द्यायचं. एकेक स्क्रू असा काढलाय. आता डावीकडं ये. त्या दांड्याला आतनं कोपरा हाय, काटकोनासारखा. तो बघ, कसा धारदार न् चकचकीत हाय.

रफिक : हां.

महिपत : बाहेरचा कोपरा मशीन घासतं. आतला कोपरा मशीनला जमत न्हाय, तिथं चाक पोचतच न्हाय. लाकडाची काडी टोकदार करून माणूस घासतो, दोन-दोन दिवस. एवढ्याशा एका कोपऱ्याला. हे ज्यानं केलं तो माणूस आता जिवंत नसेल बघ. त्याचं नाव आपल्याला ठावं न्हाय.

रफिक : आणि हे मधलं चाक? त्याला अशा वेड्यावाकड्या खाचा का आहेत? तुटलंय का?

महिपत : तुटलं न्हाय, तेच तर सगळ्या घड्याळाचं डोकं हाय. अठ्ठेचाळीस खाचा. चार वर्षांचे महिने. तीस दिवसांचा महिना असेल तिथं खाच थोडी खोल. फेब्रुवारीला सगळ्यात खोल. चार फेब्रुवारी मोज, त्यातली एक जरा उथळ दिसेल. ते लीप वर्ष. वरनं एक बोट त्या खाचेत उतरतं न् किती खोल गेलं त्यावरनं मशीनला कळतं, हा महिना किती दिवसांचा. हे चाक चार वर्षांत एकदाच पुरतं फिरतं.

माहीन : चार वर्षांत एक फेरी? बॅटरी नाही, चिप नाही, काही नाही?

महिपत : काय न्हाय. चावी द्यायची, बस. तुझ्या नानाकडं आल्यापासनं हे पावणेपाच वेळा फिरलंय. आणि गंमत सांगू? सन एकवीसशेला फेब्रुवारीला एकोणतीस तारीख नसणार. तेवढं एक ह्याला ठावं न्हाय. त्या दिवशी कुणी तरी हातानं एक दिवस पुढं ढकलायचा. बनवणाऱ्याला वाटलं की शंभर-सव्वाशे वर्षांनी कुणी तरी असेल, ज्याला हे म्हाईत असेल. रफिक, तुझ्यासारखंच कुणी तरी.

रफिक : म्हणून तर म्हणतो, चालू कर. तू करशील. तुझ्यासारखा हात मुंबईत पण नाही मिळणार.

महिपत : भिंग दे इकडं.

रफिक : का रे? तोंड का असं केलंस?

महिपत : त्या चाकाच्या बाजूला बघितलंस तू? न्हाय ना. मी सकाळी बघितलं न् तवापासनं तुला आतलं सौंदर्य दाखवत बसलोय, कारण पुढचं बोलायला जीभ वळत न्हाय. तो आतल्या कोपऱ्याचा मोठा दांडा, त्याचं टोक मोडलंय. मोडलेला तुकडा ह्या चाकात जाऊन अडकला न् मशीन थांबलं. तीन खाचा फुटल्यात. आणि तो दांडा रोज उचलणारं जे दुसरं बोट असतं ते पार झिजलंय.

रफिक : झिजलंय म्हणजे जुनं झालंय. नवं टाक.

महिपत : नवं कुठनं टाकू? हे काय बाजारात मिळतं? आणि मला एक कोडं उलगडत न्हाय. बाकी सगळं मशीन नव्यासारखं हाय. माणकं स्वच्छ, बालकमानी सरळ, गंजाचा ठिपका न्हाय. समुद्राकाठी राहून गंज न्हाय, म्हणजे तू किती जपलंस ते दिसतंय. मग हेच एक बोट का झिजावं? आणि तेही उलट्या बाजूनं. ज्या बाजूला त्याला काय कामच न्हाय.

माहीन : मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्ट असेल.

महिपत : असल्या हातानं डिफेक्ट होत न्हाय बाय. रफिक, तू चावी कशी देतोस?

रफिक : पहाटे फजरच्या नमाजनंतर. बत्तीस फेरे. मोजून.

महिपत : ते बरोबर. टाइम कधी लावतोस?

रफिक : मगरिबला. रोज.

महिपत : रोज? टाइम रोज कशाला लावतोस?

रफिक : अरे, ते तर शेखसाबचं सगळ्यात मोठं काम होतं. जुने लोक तिकडे तसं करायचे. सूर्य बुडाला की घड्याळात बारा. तिथून नवा दिवस सुरू. आपली तारीख मगरिबलाच बदलते ना, रात्री झोपेत बदलत नाही. सगळी मस्कत बदलली, सगळ्यांनी इंग्रजी टाइम धरला, पण शेखसाबनी सोडलं नाही. त्यांचा हात कापायला लागला तेव्हा ते काम माझ्याकडे आलं. गच्चीवर आम्ही दोघं उभे राहायचो. सूर्याची शेवटची कड गेली की ते म्हणायचे, रफिक. मी चावी ओढायचो, काटे बारावर आणायचो, चावी दाबायचो. आणि बघता बघता खिडकीतली तारीख सरकायची, वार सरकायचा, छोटा चंद्र सरकायचा. ते हसायचे. लहान मुलासारखे हसायचे.

माहीन : आणि राजपुरीलासुद्धा रोज जेट्टीवर. आम्ही लहान असताना मागे मागे जायचो. सूर्य किल्ल्याच्या पलीकडे गेला की नाना घड्याळ लावायचे आणि आम्हाला तो चंद्र दाखवायचे. पाऊस असला की अजानवर लावायचे. एक दिवस चुकला नाही. रियाझमामूच्या लग्नात वरात थांबवली होती.

रफिक : बाकी कामाला मोबाइल आहेच. हे शेखसाबचं. जसं त्यांच्या मनगटावर चालायचं तसंच चाललं पाहिजे ना? अमानत नुसती डब्यात ठेवायची नसते.

महिपत : रफिक, मला एक सांग. रोज लावायला लागतं म्हणजे काटा रोज थोडा इकडंतिकडं असतो.

रफिक : असणारच. सूर्य काय रोज एकाच वेळेला बुडतो?

महिपत : पावसाळ्याच्या मध्यापासनं दिवाळीपर्यंत लवकर लवकर बुडत जातो. तवा काटा पुढं घ्यायचा.

रफिक : बरोबर. अर्धा मिनिट, कधी एक.

महिपत : आणि थंडीपासनं पावसाळ्यापर्यंत उशिरा उशिरा बुडतो. तवा?

रफिक : तेव्हा मागे घ्यायचा. घड्याळात बारा वाजून गेलेले असतात, सूर्य अजून वर असतो. मग तो बुडाला की मी एक मिनिट मागे आणायचो. अगदी हलक्या हाताने हां. महिपत? काय झालं? महिपत, बोल की.

महिपत : काय न्हाय. पाणी दे जरा बाय, त्या माठातलं.

माहीन : घ्या. काका, तुमचा चेहरा का उतरला?

महिपत : खारी हवा. दुसरं काय. समुद्राची हवा आत शिरली न् झिजलं. ह्यात कुणाचा दोष न्हाय रफिक. असंच सांग त्याला.

माहीन : पण आत्ताच तुम्ही म्हणालात गंजाचा ठिपका नाही.

महिपत : म्हणालो असेन.

रफिक : महिपत, तू आणि मी एका बाकावर बसलोय. तुला खोटं बोलता येत नाही, मास्तरांपुढे पण येत नव्हतं. काय आहे ते सांग.

महिपत : नको रे. ऐकून काय करणार तू?

रफिक : सांग.

महिपत : रात्री बाराला ह्या मशीनचं सगळ्यात अवघड काम असतं. तीन-चार तास आधीपासनं ते बोट हळूहळू दांडा उचलत नेतं. बारा झाले की सोडतं न् तारीख, वार, महिना, चंद्र सगळं एका दमात पुढं जातं. त्या घटकेला काटा मागं न्यायचा नसतो. कधीच न्यायचा नसतो. मागं नेला की ते बोट उलट्या बाजूनं दांड्यावर दाबतं. एकदा दोनदा चालून जातं, घडवणाऱ्यानं तेवढा दम ठेवलाय. पण तू बारा लावायचास सूर्य बुडताना. म्हणजे ह्याची मध्यरात्र मगरिबला. आणि रोज तवाच तू हात लावायचास.

माहीन : काका, बस्स.

रफिक : बोलू दे त्याला.

महिपत : वर्षातले सहा-सात महिने, रोज, मागं. ह्यापुढं आणखी काय बोलू? झालं बोलून.

रफिक : म्हणजे मी.

महिपत : असं म्हणू नको.

रफिक : मग काय म्हणू? शेखसाबच्या मनगटावर होतं तेव्हाची शेवटची अकरा वर्षं पण माझाच हात. ती धरलीस का तू?

महिपत : न्हाय. पण ह्याच्यासोबत पुस्तक येतं, त्यात लिहिलेलं असतं. तुम्हांला कुणी वाचून दाखवलं न्हाय, ह्यात तुझी काय चूक?

रफिक : पुस्तक होतं. फ्रेंच का काय होतं. शेखसाब त्याच्यावर कॉफीची बुडकुली ठेवायचे.

माहीन : म्हणजे त्यांनीच सांगितलं होतं तसं करायला. तुम्ही नुसतं ऐकलंत. इट्स नॉट यू, नाना.

रफिक : महिपत, एक विचारतो. मी ते घरी आणलं आणि पत्र्याच्या डब्यात ठेवून दिलं असतं तर? हातच लावला नसता तर?

महिपत : तेल सुकलं असतं आतलं. मी धुऊन, नवं तेल घालून दिलं असतं.

रफिक : आणि हे बोट? हे चाक?

महिपत : रफिक...

रफिक : नीट राहिलं असतं?

महिपत : व्हय. जास्त झिजलं नसतं. आज चाललं असतं.

रफिक : बरं.

माहीन : नाना, बसा ना. उभे का राहिलात?

रफिक : अकरा दिवसांपूर्वी आवाज आला होता. मी तुला खोटं सांगितलं महिपत, ते आपोआप नाही बंद पडलं. जेट्टीवर मी काटा फिरवला आणि आत कट् झालं. बोटाला कळलं मला. मी कोणाला बोललो नाही. खिशात ठेवलं, नमाज पढलो, घरी आलो. वाटलं, उद्या चालेल.

महिपत : माझी पण चूक हाय. तू मागं आला होतास तवा विचारलं होतंस, रोज हात लावला तर चालेल का? मी न उघडता म्हणालो, लावत राहा, चालतं घड्याळच टिकतं. मला वाटलं तू चावीचं विचारतोस.

रफिक : तू उघडतो म्हणाला होतास. मीच नाही म्हटलं. दुसऱ्याची अमानत उघडायची नाही म्हणून. तेव्हा उघडली असतीस तर तेव्हाच सांगितलं असतंस.

माहीन : ओके, आता ऐका दोघं माझं. त्या लोकांकडे काय कमी आहे? सालिम कंपनीला पाठवेल, ते नवे पार्ट बनवतील. फिनिश. कशाला एवढं मनाला लावून घ्यायचं?

महिपत : कंपनी बनवेल. दोन वर्षं लावेल पण बनवेल. ते चाक नवं येईल. तो कोपरा दुसरा कुणी तरी घासेल, चांगलाच घासेल. पण ह्या माणसाचं काम गेलं ते गेलं. ते परत न्हाय यायचं.

रफिक : आणि माझ्या हातात जे ठेवलं होतं ते हे होतं बेटा. नवं चाक नव्हतं ठेवलं.

महिपत : आणखी एक करता येतं. करू नये, पण येतं. मी मोडका दांडा न् तुकडा काढून ठेवतो, कॅलेंडर सुटं करतो. खालचं मशीन चांगलं हाय, काटे चालतील. तारीख उद्याची लावून देतो. तो अकराला येईल, कानाला लावेल, टिकटिक ऐकेल, घेऊन जाईल. तारीख हलत न्हाय हे त्याला परवा कळेल. तवा तो विमानात असेल.

माहीन : हे बेस्ट आहे. नाना, प्लीज. त्याला वाटेल प्रवासात काही तरी झालं. कोणालाच त्रास नाही.

रफिक : काटे चालतील?

महिपत : चालतील.

रफिक : आवाज येईल? असाच, पहिल्यासारखा?

महिपत : पहिल्यासारखाच.

रफिक : किती बरं वाटेल त्याला. आजोबांचा आवाज ऐकल्यासारखं वाटेल. मला पण बरं वाटेल महिपत, खरंच सांगतो, मला आत्ता असं वाटतंय की तू पटकन कर आणि मी इथून जावं.

महिपत : मग करू?

रफिक : नको.

माहीन : का पण?

रफिक : आत्तापर्यंत मी चूक केली, मला माहीत नव्हतं. आता माहीत आहे. उद्या दिलं तर ती चोरी. एकोणीस वर्षं मला वाटत होतं, मी गरीब माणूस, खलाशी माणूस, माझ्याकडून एक काम तरी चोख झालंय. घर नीट झालं नाही, रियाझ दारूत गेला, तुझी नानी माझ्या मागे एकटी राहून राहून गेली. पण हे एक झालंय. रोज जेट्टीवर उभा राहिलो की मनात म्हणायचो, शेखसाब, बघा. आणि ते बघत असतील तर त्यांनी काय बघितलं? मी रोज तोडतोय ते.

महिपत : त्यांनी प्रेम बघितलं रे.

रफिक : प्रेमाचं काय करू मी? ते चाक फुटलं.

महिपत : मग उद्या काय सांगणार?

रफिक : खरं सांगणार. पण माझी अरबी आता अर्धी गेली. आणि त्याचा चेहरा शेखसाबसारखा असला तर माझ्या तोंडातून शब्द फुटणार नाही. तू लिहून दे. तुझं ते पावतीपुस्तक आहे ना, त्यावर लिही. कारागिराने लिहिलेलं असलं की तो मानेल. माहीन त्याला इंग्रजीत सांगेल.

महिपत : पावतीवर? त्यात तीनच ओळी असतात. घड्याळ, दोष, कारण.

रफिक : तीन पुरे आहेत.

महिपत : लिहितो. घड्याळ, मनगटी, सोन्याचं, कायमचं कॅलेंडर न् चंद्र. दोष, कॅलेंडरचा मुख्य दांडा मोडला, चार वर्षांच्या चाकाच्या तीन खाचा फुटल्या, उचलणारं बोट झिजलं. इथं दुरुस्त होण्यासारखं नाही. एवढं बरोबर?

रफिक : बरोबर. आता कारण.

महिपत : 'वापराने झीज' लिहितो. सगळ्या पावत्यांवर आम्ही हेच लिहितो. खोटं न्हाय त्यात.

रफिक : वापर मालकाचा असतो. मी मालक नव्हतो.

महिपत : मग काय लिहू? तू सांग, मी लिहितो.

रफिक : लिही, राखणाऱ्याच्या हातून.

महिपत : रफिक, हे नको. मी घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, कुणाच्या कपाळावर असलं लिहायला बसलो न्हाय.

रफिक : लिही. दुसऱ्या कोणाचं अक्षर मला नको आहे.

महिपत : लिहिलं. हे घे.

माहीन : नाना, मी हे त्याला वाचून दाखवणार नाही. सॉरी. मला नाही जमणार.

रफिक : दाखवशील बेटा. दोनच शब्द आहेत शेवटचे. फक्त वाचताना माझ्याकडे बघू नको.